ओदिलिया नापास करते

ओदिलिया किरोस तेवीस वर्षं आमच्या औषधांच्या दुकानात फोन घेत होती. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी मी तिला सांगितलं, की एक मार्चपासून फोन बंद.

तेव्हा ती फडक्यानं रिसीव्हर पुसत होती. ती रोज सकाळी पुसते, कारण तिच्या मते जगातले निम्मे आजार रिसीव्हरमधून येतात. पुसायचं न थांबवता ती म्हणाली, "बरं. मग ऑर्डरी कशा घेणार, डॉक्टरीणबाई?"

आमच्याकडं औषधवालीलाही डॉक्टरीणच म्हणतात, मी नुसती फार्मसिस्ट आहे.

"ॲपवर. फाब्रिसियो तयार करतोय."

"बरं," ती पुन्हा म्हणाली आणि फडकं घडी करून खणात ठेवलं. रडारड होईल, माझ्या वडिलांचं नाव निघेल, म्हणून मी रात्रभर उत्तरं पाठ करून आले होते. त्यातलं एकही लागलं नाही, आणि त्याचाच मला राग आला. माझा राग असाच असतो, समोरच्यानं काही केलं नाही तरी येतो.

ओदिलियाला दिसत नाही. विसाव्या वर्षी काचबिंदूनं डोळे गेले. तेहतिसाव्या वर्षी ती आमच्या तिबास गावातल्या दुकानात काम मागायला आली, तेव्हा वडिलांनी तिला एकच प्रश्न विचारला होता : लोहाराच्या दुकानापासून दोनशे मीटर दक्षिणेला काय आहे? ती म्हणाली, "कुठल्या लोहाराच्या? जो मेला त्याच्या, की ज्याचं जळलं त्याच्या?" वडिलांनी तिला त्याच दिवशी खुर्चीवर बसवलं.

कारण आमच्याकडं घराचा नंबर कुणी सांगत नाही. पत्ता म्हणजे खुणा. अमुक झाडापासून शंभर मीटर उत्तरेला, पन्नास पश्चिमेला, हिरवं फाटक. ते झाड वीस वर्षांपूर्वी पडलेलं असलं तरी पत्ता बदलत नाही. ते कुठं होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ज्याला ठाऊक नाही तो बाहेरचा. अख्ख्या तिबासची पडलेली झाडं आणि बंद झालेली दुकानं ओदिलियाच्या डोक्यात शाबूत होती. मोटरसायकलवरून औषधं पोहोचवणारे आमचे स्वार चौकात थांबून तिला विचारायचे, "ओदिलियाताई, कुठलं घर?" आणि ती सांगायची, "दोनदा बेल मार आणि थांब, त्यांचा गुडघा दुखतोय."

फोन बंद करायची हौस नव्हती मला. चर्चसमोर औषध-दुकानांच्या मोठ्या साखळीचं काचेचं दुकान आलं आणि आमची तीन दुकानं दोन वर्षांत निम्मी रिकामी झाली. तेवढ्यात निवृत्त शिक्षकांच्या संघानं जाहीर केलं, की सभासदांची दर महिन्याची औषधं एकाच दुकानाकडून घ्यायची, आणि ती ॲपवरून. चार हजार शिक्षक. शिक्षक लवकर मरत नाहीत. पोरांवर ओरडून ओरडून त्यांची फुप्फुसं लोखंडाची झालेली असतात. रक्तदाब आणि साखर मात्र एकालाही सुटत नाही. हे काम मिळालं तर दुकानं तरणार होती. नाही मिळालं तर जूनपर्यंत दोन दुकानांची शटरं खाली, आणि पाठोपाठ तिसऱ्याचं.

संघाची अट एकच होती. ते सांगतील त्या सभासदानं, कुणाची मदत न घेता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत औषध मागवून दाखवायचं. कुणी बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही.

म्हणजे ॲप जमलं तर फोन बंद, आणि नाही जमलं तर दुकानच बंद. ओदिलियाची खुर्ची दोन्हीकडून जात होती. हे तिला कळत होतं आणि मला कळत होतं, पण आम्ही त्यावर बोलत नव्हतो.

ॲप तिच्याकडून तपासून घ्यायची कल्पना फाब्रिसियोची. हा तिशीतला पोरगेला माणूस, दाढी कोरलेली, बोलताना सारखा हवेत चौकोन काढायचा. तो म्हणाला, "संघातल्या निम्म्या लोकांना मोतीबिंदू आहे, हात थरथरतात. ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांना जमलं, तर सगळ्यांनाच जमेल. अशी माणसं तपासायला मिळत नाहीत, बाई, आणि तुमच्याकडं तर पगारावर आहे." मला त्यातलं "पगारावर आहे" तेवढं पटलं.

पहिल्या दिवशी ओदिलियानं तिचा बोलका फोन उघडला. त्या फोनवर बोट फिरवलं की जे बोटाखाली येईल ते तो वाचून दाखवतो. आमच्या ॲपवर बोट फिरवल्यावर तो म्हणाला, "बटण. बटण. चित्र. बटण. बटण."

तिनं फोन माझ्या कानाला लावला. "घ्या. तुम्हीच मागवा एक तापाची गोळी."

फाब्रिसियोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बटणांना नावं द्यायचीच राहिली होती, कारण डोळसाला चित्र पुरतं.

"नापास," ओदिलिया म्हणाली आणि वाजणारा फोन उचलला.

दुसऱ्यांदा नावं होती, पण पिशवीत औषध पडलं की नाही ते ॲप सांगतच नव्हतं, म्हणून तिनं एकच मलम सहा वेळा मागवलं. नापास. तिसऱ्यांदा नव्वद सेकंद बोट हललं नाही तर ॲप माणसाला बाहेर हाकलत होतं. ते मीच सुरक्षेसाठी घालायला लावलं होतं. "माझ्या आईला चष्मा शोधायलाच पाच मिनिटं लागतात," ती म्हणाली. नापास. चौथ्यांदा चिठ्ठीचा फोटो. कॅमेरा कुठं धरायचा ते कोण सांगणार? टेबलक्लॉथचा छान फोटो आला. नापास.

हे ऐकायला मजेशीर वाटतं. तेव्हा मजा नव्हती. संघाच्या परीक्षेला दोन आठवडे उरले होते, फाब्रिसियोचं बिल वाढत होतं, आणि ही बाई पाय हलवत खुर्चीवर बसून नापास म्हणत होती. माझ्या मनात किडा शिरला. ॲप जितकं लांबेल तितका फोन वाजत राहील. कुठल्याही माणसाला कळेल, मग मला का नाही कळणार?

पाचव्यांदा तिनं रक्तदाबाची गोळी शोधली. फोन बोलला, गोळीचं नाव. बोट खाली सरकवलं, पुन्हा तेच नाव. एक गोळी पाच मिलिग्रॅमची होती, दुसरी पन्नासाची, आणि आकडा होता फक्त खोक्याच्या चित्रावर.

ओदिलियानं दोन्ही नावांवर पुन्हा बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "यातली कुठली खाऊ, डॉक्टरीणबाई? नाणं उडवू?"

मी फार्मसिस्ट आहे. पन्नासाच्या गोळीनं म्हाताऱ्या माणसाचं काय होतं ते मला ठाऊक आहे. तो दोष त्याच दुपारी काढला, पण किडा गेला नाही. सहावं नापास, सातवं नापास, आठवं नापास. नववं आलं ते नकाशाचं.

औषध कुठं पाठवायचं हे सांगायला ॲप नकाशा दाखवायचं आणि त्यावर बोटानं टाचणी रोवायची. ओदिलियानं बोट ठेवलं. फोन म्हणाला, "नकाशा." बोट सरकवलं. "नकाशा."

"इथं तर माणूस अडकलाच," ती म्हणाली. "खुणा सांगायला जागा द्या. फोनवर सांगतात तशा, बोलून."

फाब्रिसियो वैतागला. "ताई, सगळी यंत्रणा नकाशावर उभी आहे. अंतर, वेळ, स्वाराचा रस्ता. आता कोण खुणा सांगतं?"

"सगळे. तुमचे स्वार नकाशा बघतात का? चौकात थांबून मला विचारतात."

"तुम्ही आहात म्हणून विचारतात."

"बरोबर," ओदिलिया म्हणाली. "आणि एक मार्चपासून मी नाही."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीन स्वार होते. मला वाटलं ही सगळ्यांदेखत मला टोमणा मारतेय. माझा तोल गेला. "स्पष्ट बोला ना, ओदिलियाताई! तुम्हाला खुर्ची सोडवत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, तसं चाललंय तुमचं. मुद्दाम एकेक खुसपट काढताय."

फोन वाजायला लागला. ओदिलियानं तो उचलला, ऑर्डर घेतली, खोकल्याचं औषध, जुन्या बेकरीपासून पंच्याहत्तर पूर्वेला, आणि स्वाराला सांगितली. मग काठी घेतली आणि मागच्या खोलीत गुळाचं पाणी गरम करायला गेली.

मी फाब्रिसियोला म्हणाले, "नकाशा राहू दे. झालं ॲप."

परीक्षा जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी, संघाच्या सभागृहात. ओदिलियाला मी बरोबर नेलं. का नेलं तेही सांगते, लपवण्यात काय अर्थ आहे. दुकानात अंध बाई कामाला आहे हे दिसलं की बरं दिसेल, म्हणून. ती आली. चांगला निळा झगा घालून आली आणि मोटारीत मागं बसली.

संघाच्या अध्यक्ष एल्सीबाई. एकतीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या, सत्तरी उलटली तरी पाठ फळ्यासारखी सरळ. त्यांनी परीक्षेला बसवले रिगोबेर्तो गुरुजी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, साखरेनं दृष्टी गेलेली, भूगोल शिकवायचे. आमचेच जुने गिऱ्हाईक. ओदिलियाचा आवाज ऐकताच त्यांनी टोपी काढली. "ओदिलिया, तू इथं? मग फोनवर कोण आहे?"

"आज कुणी नाही, गुरुजी."

"वाईट झालं," गुरुजी म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

आधी मोठ्या साखळीची पाळी. सूट घातलेला एक तरुण आला होता. त्यांचं ॲप बोलायला लागलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आवाज लोण्यासारखा, प्रत्येक बटणाला नाव, गोळीचा आकडा दोनदा सांगत होतं. आमच्यापेक्षा चांगलं होतं. गुरुजींनी साखरेची गोळी शोधली, पिशवीत टाकली, पुढं गेले. मी मनात म्हटलं, गेलं सगळं.

मग फोन म्हणाला, "नकाशा."

गुरुजींनी बोट सरकवलं. "नकाशा." पुन्हा सरकवलं. सूटवाला अर्धा उठला, एल्सीबाईंनी नुसता तळहात वर केला, तो खाली बसला. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. चार मिनिटं गुरुजी त्या गुळगुळीत काचेवर आपलं घर शोधत होते. शेवटी त्यांनी अंदाजानं एका जागी बोट दाबलं.

गोड आवाज म्हणाला, "आपलं औषध इथं पोहोचेल : तिबास कब्रस्तान, मुख्य दरवाजा."

गुरुजी म्हणाले, "जरा घाई होतेय, पण पत्ता चुकीचा नाही."

सभागृह हसलं. सूटवालाही कसनुसं हसला. मला हसू आलं नाही. फाब्रिसियोनं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. आमचा नकाशा त्यांच्याहून वेगळा नव्हता.

"पस्तीस वर्षं मी पोरांना नकाशे शिकवले," गुरुजी फोन खाली ठेवत म्हणाले. "मला हे जमत नाही, तर आमच्या सभासदांत कुणाला जमेल ते सांगा."

एवढ्यात तीन वाजले आणि एल्सीबाईंनी कॉफीची सुट्टी केली. आमच्याकडं तीनच्या कॉफीपुढं परीक्षा काय नि न्यायालय काय, सगळं थांबतं. वीस मिनिटं.

फाब्रिसियोनं मला खांबामागं ओढलं. "बाई, एक करता येईल. गुरुजी आपले गिऱ्हाईक. त्यांचा पत्ता मी आत्ताच आतून भरून ठेवतो. पत्ता आधीच असला की ॲप नकाशा विचारतच नाही. पाच मिनिटांचं काम आहे. पत्ता तेवढा हवा."

पत्ता एकाच माणसाला पाठ होता.

ओदिलिया खिडकीशी बसली होती, मांडीवर बशीत मक्याची खारी कडबोळी. मी तिच्या शेजारी बसले. तिनं माझ्या अत्तरावरून मला ओळखलं असणार, कारण बशी माझ्याकडं सरकवली.

"ऐकलंत ना?" मी म्हणाले.

"ऐकलं."

"आपलंही तिथंच अडणार."

"हो."

मला भलतंच काहीतरी विचारायचं होतं आणि वेळ त्याची नव्हती, तरी विचारलं. "खरं सांगा. नापास करत होतात ते खुर्चीसाठी?"

तिनं कडबोळं मोडलं. "पहिल्या चार वेळा, हो."

मी खुर्ची जवळ ओढली.

"दोष खरेच होते," ती म्हणाली. "पण ते मी एकदम चारही सांगू शकले असते. एकेक करून सांगितले. तेवढेच दिवस मिळाले. मग पाचव्या वेळेला ती गोळी निघाली. पाच की पन्नास. त्या दिवशी मी घरी जाऊन झोपले नाही, डॉक्टरीणबाई. मी आळस केला असता तर कुणीतरी पन्नासाची खाल्ली असती. त्यानंतर खुर्चीचं विसरले. नकाशाचं मी खुर्चीसाठी नव्हतं म्हटलं."

म्हणजे मी अर्धी बरोबर होते. पण अर्धं बरोबर असणं किती वाईट असतं ते मला त्या दिवशी कळलं. जिथं मी चूक होते, तिथंच मी तिचं ऐकलं नव्हतं.

मी तिला फाब्रिसियोची युक्ती सांगितली. घड्याळात तीन बारा झाले होते.

"पत्ता मला पाठ आहे," ती म्हणाली. "सांगू?"

मी खांबाकडं पाहिलं.

"आज गुरुजींचा भराल. उद्या चार हजारांचा कोण भरेल? माझा फोन तर बंद असेल." तिनं हातावरचा भुगा झटकला. "मालक तुम्ही आहात. म्हणाल तर सांगते. सांगू?"

तिचा आवाज अगदी सरळ होता, टोमणा नव्हता त्यात. मी हो म्हटलं असतं तर तिनं सांगितला असता, आणि आम्ही जिंकलो असतो. दोन दुकानांची शटरं, स्वारांचे संसार, वडिलांची पाटी, सगळं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. खांबामागं फाब्रिसियो फोन हातात घेऊन उभा होता. आणि मला लाज वाटली. मोठेपणा म्हणून सांगत नाही, लाजच वाटली. जिला मी सगळ्यांदेखत खोटी म्हटलं, तिच्याच तोंडून मी खोटेपणाचा पत्ता मागायला बसले होते.

"नको," मी म्हणाले.

घंटा झाली. एल्सीबाईंनी माझं नाव पुकारलं. मी पुढं गेले, पण फोन गुरुजींच्या हातात दिला नाही.

"बाई," मी म्हणाले, आणि सहावीत गृहपाठ विसरल्यावर राहायचे तशी हात मागं घेऊन उभी राहिले. "आमचं ॲपही तिथंच अडेल. नकाशावर. आम्हाला हे आधीच सांगितलं होतं. ओदिलिया किरोसनं सांगितलं होतं, त्या तिथं खिडकीशी बसल्यात. मी ऐकलं नाही. मला वाटलं त्या स्वतःची नोकरी वाचवताहेत. त्यांनी ॲप नऊ वेळा नापास केलं, आणि नवव्यांदा केलेलं मी खोडून इथं आले."

सूटवाल्यानं मान वळवली. एल्सीबाई माझ्याकडं चष्म्यावरून बघत राहिल्या. मी त्यांच्या शाळेत नव्हते, पण त्या क्षणी मी त्यांच्याच शाळेत होते.

"एकतीस वर्षांत," त्या म्हणाल्या, "पेपर सुटल्यावर नापास झालो म्हणून रडणारे पुष्कळ पाहिले. पेपर हातात घ्यायच्या आधी सांगणारी तुम्ही पहिली. पण त्याचे मार्क मिळत नाहीत." मग सूटवाल्याकडं वळून, "तुम्ही नापास. या गैरहजर. दोघांनाही फेरपरीक्षा. शाळेची असते तेव्हाच, फेब्रुवारीत. तीन आठवडे."

ते तीन आठवडे दुकानात कुणी माझं ऐकत नव्हतं. ओदिलियानं फोनजवळ फाब्रिसियोला स्टुलावर बसवलं आणि दिवसभर ऑर्डरी ऐकायला लावल्या. "ऐक. कुणी टाचणी रोवतंय का?" माणसं म्हणत होती, जिथं सिनेमा थिएटर होतं तिथून. म्हणत होती, पडलेल्या भिंतीनंतरचं तिसरं. म्हणत होती, तुमच्या त्या जाड्या स्वाराला माहीत आहे. चौथ्या दिवशी फाब्रिसियोनं हवेत चौकोन काढणं सोडलं. त्यानं नकाशाच्या जागी एक मोठं बटण ठेवलं : खुणा बोला. माणसानं बोलायचं, ॲपनं ते शब्दन्‌शब्द परत वाचून दाखवायचं, आणि स्वाराला हेल्मेटमध्ये तोच आवाज ऐकू जायचा. खुणा गोळा होतील तसं कुठला लोहार आणि कुठली बेकरी हे ॲपनं शिकायचं. शिकवणार अर्थात ओदिलिया. तिनं पहिल्या आठवड्यात त्याच्या कानात आठशे खुणा ओतल्या, त्यातल्या तीनशे आता जमिनीवर नाहीत.

दहावं नापास, अकरावं नापास. मी दातओठ खात होते, पण तोंड उघडत नव्हते.

मधेच एक गोष्ट झाली, जिचा मी विचारच केला नव्हता. आम्ही ते ॲप नेहमीच्या साठ-सत्तर गिऱ्हाइकांना वापरायला दिलं. चांगली डोळस, तरणी माणसं. नकाशा आम्ही एका कोपऱ्यात ठेवला होता, हवा त्यानं वापरावा. आठवडाभरात तो तिघांनी उघडला. बाकीचे बोलून मोकळे. पोराला कडेवर घेतलेल्या बाया, गाडी चालवणारे, नुसतेच आळशी. त्या आठवड्यात ऑर्डरी दीडपट झाल्या आणि एकही स्वार चौकात हरवला नाही. ज्या सोयीला मी एका आंधळ्या बाईचं खुसपट म्हटलं होतं, तिच्यावर दुकान चालायला लागलं. चर्चसमोरच्या काचेच्या दुकानाकडं हे नव्हतं.

फेरपरीक्षेच्या आदल्या मंगळवारी सकाळी ओदिलियानं ॲप उघडलं, तिच्या आईचं औषध मागवलं, फोन टेबलावर ठेवला आणि काहीच बोलली नाही. फाब्रिसियो उभा होता, मी उभी होते.

"काय?" मी शेवटी विचारलं.

"काही नाही. काही सापडेना," ती नाराज स्वरात म्हणाली. "पास म्हणावं लागेल."

फेरपरीक्षेला सूटवाल्यानंही नकाशा काढून टाकला होता. त्याच्या जागी रकाने होते : गल्ली क्रमांक, घर क्रमांक. रिकामे ठेवले तर पुढं जात नव्हतं. गुरुजींनी डोकं वर करून सभागृहाला विचारलं, "माझ्या घराला नंबर आहे?" कुणालाच माहीत नव्हतं. देशाच्या दुसऱ्या टोकाला कुठल्या कचेरीत बसून कुणी हे रकाने आखले असतील, मला त्याची कीव आली.

मग आमचा फोन त्यांच्या हातात गेला. गोळी सापडली, आकडा ऐकला, पिशवीत पडली. फोन म्हणाला, "खुणा बोला."

गुरुजी बोलले. "जळालेल्या लोहाराच्या दुकानापासून शंभर उत्तरेला..." आणि थांबले. खोकला आला. खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, रुमालाची घडी घातली. दीड मिनिट गेलं असेल. मला ते नव्वद सेकंद आठवले, जे मी घालायला लावले होते. फोन गप्प राहून वाट बघत होता. गुरुजींनी रुमाल ठेवला. "...आणि पंचवीस पश्चिमेला. पांढरी जाळी. कुत्री भुंकेल, पण ती म्हातारी आहे, उठणार नाही."

फोननं सगळं परत वाचून दाखवलं, कुत्रीसकट. गुरुजींनी बटण दाबलं.

पण एल्सीबाईंनी कुणाला हलू दिलं नाही. "औषध दारात पोहोचलं की पेपर संपला," त्या म्हणाल्या. चौदा मिनिटं आम्ही बसून राहिलो. फाब्रिसियो पाय हलवत होता. ओदिलिया हात मांडीवर ठेवून शांत. मग गुरुजींचा फोन वाजला, त्यांची बायको होती, आणि तिचा आवाज सगळ्या सभागृहानं ऐकला. "अहो, औषध आलंय. घरात डबाभर पडलंय, पुन्हा कशाला मागवलंत?"

काम आम्हाला मिळालं.

करार आठवड्यानं आला, कागदावर छापलेला, बारा पानं. शिक्षकांच्या संघालाही कागदाशिवाय खरं वाटत नाही. फेब्रुवारीचा शेवटचा दिवस होता, उद्या फोन बंद व्हायचा होता. मी ओदिलियाच्या टेबलाशी बसून तिला करार वाचून दाखवत होते, कारण तिचा त्यावर हक्क होता असं मला वाटत होतं. सातव्या कलमाशी आले आणि अडखळले.

"वाचा ना," ती म्हणाली.

मी वाचलं. "ॲपमध्ये पुढं होणारा प्रत्येक बदल ओदिलिया किरोस यांनी तपासून पास केल्याशिवाय सभासदांना दिला जाणार नाही. त्यासाठी दुकानानं त्यांना पूर्ण पगारावर ठेवलं पाहिजे. ही अट मोडल्यास करार रद्द."

ओदिलियाचा हात रिसीव्हरवर होता.

"हे तुम्ही घालायला लावलंत?" तिनं विचारलं.

कागद माझ्या हातात होता आणि तिला तो वाचता येत नव्हता. हो म्हणायला मला कोण अडवणार होतं? तेवीस वर्षांत प्रथमच तिच्या आवाजात माझ्याबद्दल काहीतरी मऊ होतं, आणि ते मला हवं होतं, फार हवं होतं. खरं तर मी या तीन आठवड्यांत मार्चनंतर तिचं काय करायचं याचा एकदाही विचार केला नव्हता. एल्सीबाईंनी केला होता. माझ्यावर सोडायची गोष्ट नाही हे त्यांनी ओळखलं होतं, म्हणून लिहून घेतलं.

"नाही," मी म्हणाले. "एल्सीबाईंनी. मी मागितलंसुद्धा नव्हतं."

तिनं मान हलवली. मग खुर्ची माझ्याकडं वळवली.

"बरं झालं खरं सांगितलंत," ती म्हणाली. "ही अट मला परवाच कळली होती, एल्सीबाईंनी फोन केला होता. तुम्ही हो म्हणाला असतात, तर मी सही केली नसती, आणि माझ्या सहीशिवाय हा करार लागूच होत नाही. आठवं कलम वाचा."